सावडीच्या खुणा

“दुसरीच्या कागदात बघायचं नाही,” केतकी मॅडम म्हणाल्या, आणि हौसाआत्या फिसकन हसली.

“बाई, बघून बी मला काय कळनार? मला वाचता आलं असतं तर मी तुमच्या जाग्यावर नसते का बसले?”

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या. पोरगी चांगली होती, हे मी आजही म्हणेन. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून आली होती. पंचविशीची असेल, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, आणि सतरंजी ओली आहे की कोरडी हे न बघता सरळ मांडी घालून बसणारी. आमच्याकडं येणाऱ्या बाकीच्या लोकांना आधी खुर्ची लागायची.

आमची कड्याची वाडी दरडीखाली गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. जे वाचलो त्यांना खाली माळावर पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं होतं. एका रांगेत खोल्या, टोकाला न्हाणीघरं, त्याला लागून शेडच्या सुपरवायझरचं ऑफिस. वाडीतले निम्मे पुरुष आधीपासूनच मुंबईला माथाडीत होते. दरड पडल्यावर धावत आले, पंधरा दिवस सुन्न होऊन बसले, आणि पोट कुणाला सुटलंय म्हणून परत गेले. माझा नवराही त्यातलाच. त्यामुळं शेडमध्ये दिवसभर आम्ही वीसेक बायका, म्हातारी माणसं आणि वाटप करणारे. साड्या इतक्या आल्या की आम्ही त्यांची पायपुसणी केली. खोल्यांना आतून कडी पाहिजे म्हणून मात्र सांगून सांगून तोंड दुखलं, ती काही आली नाही.

केतकी मॅडमचं काम जरा निराळं होतं. माणसाच्या आयुष्यात काय काय वाईट होऊन गेलंय, ते त्यानं स्वतःच कागदावर सांगायचं. नवऱ्यानं बायकोचं सांगायचं नाही, सासूनं सुनेचं सांगायचं नाही. ज्याचं त्यानं, आणि नावाशिवाय. आमच्यातल्या बऱ्याचजणींना अक्षरओळख नव्हती म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. कागदावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चित्र होतं: मासा, छत्री, नांगर, कंदील, असं. त्या प्रश्न वाचणार आणि म्हणणार, आता माशाची ओळ. तसं घडलं असेल तर हिरव्या चौकोनात खूण, नसेल तर पांढऱ्या. त्या दिवशी नुसता सराव होता, खरं काम दुसऱ्या दिवशी.

“मासा,” मॅडमनी वाचलं. “पूर, भूकंप, दरड, यात तुम्ही स्वतः सापडलात का?”

“छत्री. तुमच्या घरातलं कुणी अचानक गेलं का?”

छबूनं हात वर केला. दरडीत तिची दोन्ही लेकरं गेली होती. “मॅडम, किती गेली ते बी लिवायचं का नुसती खूण?”

“नुसती खूण, ताई.”

“मंग सोपं हाय,” छबू म्हणाली. मॅडमनी बराच वेळ पुढची ओळ वाचली नाही.

कंदिलाची ओळ आली तेव्हा त्यांचा आवाज आपसूक खाली गेला. “तुमच्या मनाविरुद्ध कुणी तुमच्या अंगाला हात लावला, जबरदस्ती केली, असं तुमच्या बाबतीत घडलंय का? कधीही. लहानपणी, लग्नानंतर, इथं, कुठंही.”

कुणीतरी खोकलं. कुणी पदर सारखा केला. हौसाआत्याला एवढ्यात काहीतरी चावट सुचायला हवं होतं, पण तीही पेन्सिलीचं टोक बघत बसली.

मला शांतता फार वेळ सहन होत नाही, म्हणून मी विचारलं, “ह्याचं फुडं काय व्हनार, मॅडम?”

“शनिवारी मी परत येईन आणि कुठल्या ओळीत किती हो निघाले ते सगळ्यांसमोर वाचून दाखवेन. कंदिलाच्या ओळीत हो निघाले तर मला वर कळवावंच लागतं. मग इथं पुरुष सुपरवायझर ठेवता येत नाही, बाई नेमावी लागते. दारांना कड्या लागतात. पण ते कागदावर यायला पाहिजे. माझ्या नुसत्या बोलण्याला तिथं कुणी विचारत नाही.”

“सगळ्यांसमोर म्हंजी जयसिंगरावांसमोर बी?”

“हो. ते शेडच्या समितीत आहेतच.”

जयसिंगराव म्हणजे आमचे सुपरवायझर. दाराच्या चौकटीला टेकून तंबाखू मळत उभे होते. टँकर त्यांच्या हातात, रेशन त्यांच्या हातात, कुणी कुठल्या खोलीत राहायचं तेही त्यांच्याच हातात. माझ्याकडं बघून त्यांनी हसल्यासारखं केलं.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि वैजू शेजारी बसून पीठ मळत होती. वैजयंता ही माझी पुतणी, थोरल्या दिरांची एकुलती एक मुलगी. वीस वर्षांची. दरड आली त्या पहाटे तिच्या बापानं तिला उचलून ओट्यावरून खाली फेकलं आणि बायकोला आणायला तो परत घरात शिरला. दोघंही सापडली ती तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून वैजू माझ्या खोलीत माझ्याजवळ होती. मला मूल नाही, त्यामुळं ती लहानपणापासून माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. पण जीव मात्र बापावर. बोलताना दर दोन वाक्यांना तिच्या तोंडात आबा यायचे.

“काकी,” ती म्हणाली, “उद्या कंदिलाच्या वळीत मी हो करनार हाय.”

मी तव्यावरची भाकरी उलटली. “कोन?”

तिनं तोंडानं सांगितलं नाही. ऑफिसकडं मान केली.

“कवा?”

“न्हानीत. पंधरा दिस झालं. परवा पुन्हा.” पीठ मळायचं काही ती थांबली नाही. “वरडले असते काकी, पर त्यानं आधीच सांगितलं, वरडलीस तर तुझीच इज्जत जाईल, बापाचं नाव मातीत जाईल.”

भाकरी करपली. मला कोयता घेऊन उठावंसं वाटलं, आणि मी खरंच उठले. वैजूनं माझा पदर धरला.

“बस. अजून हाय. सोमवारपास्नं मला टोकाच्या खोलीत जायाला सांगितलंय त्यानं. आई-आबांच्या नावाची येगळी खोली हाय म्हनं. तिथं कोन ऱ्हायलं न्हाय तर त्यांच्या नावाचं घर बी रद्द व्हईल.”

टोकाची खोली ऑफिसला लागून होती. मध्ये एकच पत्रा. आणि आतून कडी नाही.

“मी येते तुझ्यासंगं ऱ्हायाला.”

“मंग तुझी खोली रिकामी पडंल. तुझं बी घर जाईल. त्येनं समदा इचार केलाय, काकी.”

पोलीस पाटलाला सांगावं, तर तो रोज संध्याकाळी जयसिंगरावांबरोबर एका ताटात जेवत होता. मुंबईला नवऱ्याला फोन करावा, तर तो येऊन एक खून करणार आणि आत जाणार. मी सगळीकडून विचार केला. मॅडमचा तो कागद सोडला तर आमच्यापाशी काही नव्हतं.

“पर एकीचंच हो निघालं तर?” मी म्हणाले. “आकडा वाचनार हायेत. एक निघाला की कोन ते त्येला लगेच कळनार. बाई नेमायला लागला महिना, तर तंवर तुझं काय?”

ती पिठाचा गोळा मळतच राहिली, मळून मळून तो पार सैल झाला.

आमच्याकडं भातलावणीला सावड असते. आज माझ्या रानात सगळ्या उतरायच्या, उद्या तिच्या. मजुरी नाही, हिशोब नाही. एखादी बाळंतीण असली, आजारी असली, तर तिच्या रानात आधी. लावणी झाल्यावर कुणाचा हात कुठं चालला होता ते ओळखू येत नाही, सगळं रान सारखं हिरवं दिसतं. मी वाढलेच त्यात. त्यामुळं मला जे सुचलं ते तसंच सुचलं.

उजेड होता तोवर मी हौसाआत्याकडं गेले. ती घेवडा निवडत होती.

“आत्या, उद्या सावड घालायची.”

“आता कुनाचं रान ऱ्हायलंय?”

“रानात न्हाय. कागदात. कंदिलाच्या वळीत सगळ्यांनी हिरव्यात खूण करायची. एकीला एकटं पाडायचं न्हाय.”

तिनं वर पाहिलं नाही. “बरं.”

“कुनासाठी ते इचारलं न्हाईस?”

“सांगनार हाईस का?”

“न्हाय.”

“मंग कशाला इचारू?” असं म्हणून तिनं किडकी शेंग बाजूला टाकली.

मग मी खोल्याखोल्यांतून फिरले. छबूला सांगितलं, तिनं नुसती मान हलवली. कुणी भांडी घासत होती, कुणी देवापुढं दिवा लावत होती. ज्या बायका नळावर घागर आधी कुणाची यावरून एकमेकींच्या सात पिढ्या काढतात, त्यांतल्या एकीनंही फाटा फोडला नाही. कुणासाठी, असंही एकीनं विचारलं नाही. घरी परत येताना मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला लांब लांब बसवलं. प्रत्येकीच्या पुढ्यात पुठ्ठा, त्यावर कागद, हातात पेन्सिल. हौसाआत्यानं पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरली होती. मॅडम ओळी वाचत गेल्या. कंदील म्हणाल्या तेव्हा मी समोर बघितलं. सगळ्या माना खाली होत्या आणि सगळ्या हलत होत्या. मीही हिरव्यात खूण केली. काही बायकांना वेळ लागत होता. मला वाटलं, चौकोन सापडत नसेल.

त्या संध्याकाळी वैजू पोटभर जेवली. वेणी घातली. येणारी सुपरवायझर बाई तरणी असेल की म्हातारी, असं तिनं मला विचारलं. मी म्हणाले, म्हातारी आली तर बरं, तरणीला इथं कोण टिकू देणार. ती हसली. चार महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

शनिवारी जीप आली ती अकराच्या सुमाराला. केतकी मॅडम उतरल्या आणि त्यांच्या मागून त्यांच्या संस्थेतले एक सर उतरले. पिकलेले केस, पट्ट्यात अडकवलेला चष्म्याचा डबा, प्रवासानं दमलेले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. जयसिंगरावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. मॅडम आमच्यापैकी कुणाकडं बघत नव्हत्या. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

“तुमच्यावर जे कोसळलं त्याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही,” सर म्हणाले. “पण तुम्ही भरलेले कागद मला घेता येणार नाहीत. हे तुम्हाला स्वतः येऊन सांगावं म्हणून आलो.”

“का?” मी विचारलं.

“कंदिलाच्या ओळीत सगळ्याच्या सगळ्या हो आहेत. असं होत नाही. दरडीची ओळ बघा. दरड तर गावावरच आली. तरी तिथं दोघींनी नाही केलंय, कारण त्या दिवशी त्या माहेरी होत्या. म्हणजे त्यांनी विचार करून खूण केली. फक्त या एका ओळीत पांढऱ्यात एकही खूण नाही. मी पुष्कळ ठिकाणी हे काम केलंय, असं कुठंच आलेलं नाही. याचा अर्थ कुणीतरी सगळ्यांना सांगितलं.”

मला खोटं बोलता आलं असतं. पण माझी मान आधीच ताठ झाली होती.

“मी सांगितलं.”

“झालं तर मग,” सर हळूच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “त्यातले काही तर खरे असतीलच ना.”

“असतील. पण कुठले, ते तू या कागदांवरून मला सांगू शकशील का?”



“पुन्हा घ्या की,” मी म्हणाले. “आता ज्याचं त्यो करंल.”

“एकदा ठरवून केलं की दुसऱ्यांदा घेतलेल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, ताई. माझ्यावरही ठेवणार नाहीत. या वाडीचे सगळेच कागद बाद धरावे लागतील.”

“किती जनींनी हो केलं असतं तर तुमी खरं मानलं असतं?”

“असा आकडा सांगता येत नाही.”

“तरी?”

ते जरा घुटमळले. “दहात एक. दोन. फार तर तीन.”

“म्हंजी बाकीच्यांनी न्हाय म्हनायला पायजे व्हतं.”

“ज्यांच्या बाबतीत घडलं नाही त्यांनी, हो,” सर म्हणाले.

“साहेब, बायकामान्सं ती,” जयसिंगराव मध्येच बोलले. “त्यांना वाटलं आसंल, हो केलं की भांडी दुप्पट मिळत्याल.” आणि हसले. सर हसले नाहीत, पण शहरातला माणूस समोरच्याचा मान ठेवायला जेवढे ओठ हलवतो तेवढे त्यांनी हलवले.

तेव्हा वैजू उठून उभी राहिली. तिचं तोंड उघडलेलं होतं. जयसिंगरावांनी तिच्याकडं पाहिलं, काही दटावणी नाही, काही नाही, नुसतं पाहिलं. ती उभी होती तशीच खाली बसली.

जीप निघायच्या आधी मी मॅडमना बाजूला घेतलं. “एकीचं खरं हाय. माझ्या गळ्याची शपथ. इथलं हाय, आत्ताचं हाय.”

त्यांचे डोळे भरले. “नाव सांगेल ती? पोलिसांत जायला तयार आहे? मी बरोबर येते.”

मी मागं वळून पाहिलं. वैजूनं ऐकलं होतं. तिनं मान नकारार्थी हलवली. पोलिसांत म्हणजे पाटलाच्या समोरून जायचं, आणि बापाचं नाव घेऊन जायचं.

“नावाशिवाय व्हनार न्हाय?”

“कागदावर असतं तर नावाशिवाय झालं असतं,” मॅडम म्हणाल्या. पुढं काहीतरी म्हणणार होत्या, पण सरांनी जीपमधून हाक मारली.

टँकर आला म्हणून आम्ही सगळ्या टाकीजवळ जमलो. घागरी होत्या, पण भांडण नव्हतं. मला गप्प राहवेना.

“माझ्यामुळं झालं,” मी म्हणाले. “एकीचं खरं व्हतं. ते आपल्या सगळ्यांच्या खोट्यात मी बुडवलं.”

हौसाआत्यानं तोटी बंद केली. “खोटं कुनी केलं?”

“आपन. सगळ्यांनी.”

“तू तुझं बोल. म्या खरं केलंय.”

हौसाआत्याला साठी उलटून गेलेली. तिच्या चावटपणाला वाडीतले पुरुषसुद्धा बिचकायचे. ती घागरीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, “मामंजींचा भाऊ व्हता. मी म्हसरामागं गेले व्हते रानात. मालक मरंस्तवर त्यास्नी बोलले न्हाय. तू आलीस सांगाया, म्हनलं चला, सावडीत आपलं बी खपून जाईल.”

“माझं बी,” छबू म्हणाली. कोण, कधी, ते ती बोलली नाही.

मी एकेकीच्या तोंडाकडं बघत गेले. एकीनं डोळ्यांना पदर लावला होता. एक पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होती. एक नुसती टेकडीकडं बघत उभी होती. माझी खोटी होती, असं म्हणणारी एकही निघाली नाही. कुणाकुणाचं काय घडलं होतं, ते मला अजूनही माहीत नाही. पण कुणासाठी म्हणून कुणीच का विचारलं नव्हतं, ते मला तिथं टाकीपाशी कळलं. प्रत्येकीला वाटलं होतं की बाकीच्या उगीच खुणा करणार आणि त्यांच्या आडोशाला आपली तेवढी खरी झाकून जाईल. जन्मात एकदा सगळ्या खरं बोलल्या होत्या, आणि सगळ्या बोलल्या म्हणूनच ते खोटं ठरलं होतं.

“काकी,” वैजूनं विचारलं. “तुझी?”

माझीही खरी होती.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. नवरा मुंबईला. भातझोडणीचे दिवस, रात्रीची राखण करायला खळ्यावर खोप घातलेली. तो सगळा हंगाम तसा गेला. मी सासूला सांगितलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, घर मोडायचंय का तुला. माणूस घरातलाच होता. माझे थोरले दीर. गावात ज्यांना पंचायतीला सगळ्यांत आधी बोलवायचे, ज्यांनी पुढं पोरीला ओट्यावरून फेकून तिचा जीव वाचवला, ते वैजूचे आबा. वैजू तेव्हा चार वर्षांची होती, दिवसभर त्याच खळ्यावर माझ्या पायात पायात खेळायची. मी तिला घास भरवायचे आणि तिच्यात बापाचा तोंडवळा दिसू नये म्हणून दुसरीकडं बघायचे. मग सवय झाली. मग जीव जडला.

ती माझ्याकडं बघत होती. आई गेली, बाप गेला, घर गेलं, अंगावर तो माणूस येऊन गेला. तिच्यापाशी एकच गोष्ट शाबूत होती, आणि ती मला माहीत होती.

“माझी खोटी व्हती,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी केली.”

तिच्या चेहऱ्यात काहीतरी बंद झालं. मी ते होताना पाहिलं.

“म्हंजी समद्यांची खरी,” ती म्हणाली, “आनि तुझी एकटीची खोटी. आनि समद्यांना गोळा करून सांगितलंस बी तूच. तू घरात गप बसली असतीस तर मी, आत्या, छबूमावशी, आमचं आमी केलं असतं. दहात दोन-तीन.”

“वैजू.”

“त्या साहेबाला तेवढंच पायजे व्हतं.”

ती म्हणत होती ते खरं नव्हतं. आडोसा मिळाला नसता तर आत्यानं खूण केली नसती, छबूनंही नसती. पण हे तिला पटवायचं तर माझी खूणही सांगावी लागली असती. हौसाआत्या माझ्याकडं बघत होती. म्हातारी हुशार होती, माझ्या सासूची मैत्रीण होती, तिला सगळं नाही तरी काहीतरी समजलं असावं. तिनं बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडं असं बघितलं की ती परत घागरीकडं वळली.

रात्री मी वैजूला म्हणाले, घर जाऊ दे माझं, मी येते तुझ्याबरोबर टोकाच्या खोलीत. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “तुझ्यासंगं एका खोलीत मी न्हाय ऱ्हानार.” रविवारी पहिल्या एसटीनं ती इचलकरंजीला गेली. तिची शाळेतली मैत्रीण तिथं सूतगिरणीत होती. सोमवारी जयसिंगरावांनी टोकाच्या खोलीला कुलूप घातलं. पुढं पक्की घरं झाली, त्यांत तिच्या आई-बापाच्या नावाचं घर नव्हतं. शेड मोडेपर्यंत जयसिंगराव तिथंच होते, मग दुसरीकडं असंच काम मिळालं म्हणून गेले. जाताना आम्ही त्यांना मानाचा नारळ द्यावा, असं पाटलाचं म्हणणं होतं. नारळ दिला गेला. कुणी दिला ते मी बघायला गेले नाही.

मी वैजूला पत्रं लिहिली, निरोप पाठवले. दोनदा इचलकरंजीला गेले, दोन्ही वेळा शेजारणीनं सांगितलं, ती कामावर आहे. दार आतून लावलेलं दिसत होतं. मग हौसाआत्या वारली. मग छबू मुंबईला भावाकडं गेली. मी अंगणवाडीत सेविका झाले. लोकांच्या लेकरांना ओळीत बसवते, त्यांना चित्रं दाखवते, आणि कधीतरी मध्येच बोलायची थांबते.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा गेले. या वेळी दार उघडं होतं. वैजू आता चाळिशीकडं आलेली, एकटीच राहते. केस पातळ झालेत, हाताला सूत काचल्याचे वळ. तिनं मला ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही, नुसती दारातून बाजूला झाली.

खोलीत समोरच दिरांचा फोटो होता. हार ताजा होता, उदबत्ती लावलेली.

“आज आई-आबांची तिथ,” ती म्हणाली. “आईचा फोटो घावला न्हाय कुठं.”

“मला ठाव हाय आजची तिथ.”

“आबा असते तर त्यो माझ्याकडं डोळा वर करून बघायला धजला असता का?”

तिनं ताटलीतलं एक फूल उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

“पाया पड त्यांच्या.”

ते मला थोरले. त्यांच्या पाया पडणं हीच रीत होती, दर सणाला मी पडतच आले होते. मी डोक्यावरून पदर घेतला. फूल फोटोपाशी ठेवलं, गुडघे टेकले आणि वाकले. फरशी गार होती. ती मागं उभी राहून बघत होती, म्हणून मी लगेच उठले नाही. कपाळ टेकून तशीच राहिले.

“बस आता,” ती म्हणाली. “चहा ठेवते, काकी.”